‘मागितल्यास डेटा देऊ’ : या वाक्याचं काय करायचं?

शोधनिबंधाच्या शेवटी एक सभ्य वाक्य असतं : ‘मागितल्यास डेटा देऊ.’ ते आपण तपासून बघूया. असं लिहिणाऱ्या १,७९२ निबंधांच्या लेखकांकडे क्रोएशियातल्या संशोधकांनी खरोखरच डेटा मागितला. निष्कर्ष २०२२ मध्ये छापला. डेटा किती जणांनी दिला? १२२. शंभरात सातसुद्धा नाहीत!

मग बाकीचे सगळे लबाड? आम्हाला तसं वाटत नाही. फाइल जुन्या लॅपटॉपमध्ये राहते, विद्यार्थी पीएचडी करून निघून जातो, आणि ‘टी-२’ या रकान्यात तापमान होतं की वेळ, हे कुणालाच आठवत नाही. म्हणून नुसता ‘डेटा खुला करा’ हा उपदेश वाया जातो.

आमचा आक्षेप आहे तो ‘मागितल्यास’ या शब्दाला. १९९६ साली बर्म्युडात मानवी जीनोमवर काम करणाऱ्यांनी ठरवलं, की अनुक्रम जुळला की शक्यतो चोवीस तासांत तो सर्वांसाठी खुला करायचा. मागायचा प्रश्नच मिटला. प्रत्येक विषयाला चोवीस तास जमणार नाहीत, रुग्णांची माहिती तर जपावीच लागेल. पण निबंध छापण्याआधी डेटा आणि प्रत्येक रकान्याचा खुलासा सार्वजनिक भांडारात ठेवणं आपल्याला नक्कीच जमेल. नाहीतर लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या बळावर?