तासिका पस्तीस मिनिटांची, सिनेमा अडीच तासांचा

शिक्षकाला सिनेमा दोन प्रसंगी आठवतो. एक, पोर्शन संपल्यावर. आणि दुसरा, शिकवायचा कंटाळा आल्यावर. पैकी पहिला प्रसंग माझ्या नोकरीत फारसा आला नाही.

सोमेश्वरनगरात कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली, की हवेत मळीचा वास आणि मागच्या बाकावर ऊसतोडवाल्यांची चार पोरं, असा दोघांचा मुक्काम पार शिमग्यापर्यंत. अशाच एका दुपारी मी आठवीला 'श्यामची आई' दाखवला. आचार्य अत्र्यांचा 1953 चा चित्रपट, 1954 साली राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवलेला. एवढी पुण्याई पाठीशी असताना मी आणखी तयारी ती काय करायची? खिडक्यांना सतरंज्या टांगल्या आणि सगळ्यांच्या आधी मीच रडायला बसलो.

श्यामचे ओले तळवे मळू नयेत म्हणून आई लुगड्याचा ओचा पसरते, तिथं वर्ग गहिवरला. शेवटी डोळे पुसत मी विचारलं, "काय शिकलात?"

"आईवर प्रेम करावं, सर!" चाळीस तोंडं, उत्तर एक. मी खूश.

तेवढ्यात मागून कोपीवरचा एक पोरगा म्हणाला, "सर, श्यामची आई दिवसभर घरीच असायची व्हय?"

त्याची आई पहाटे अंधारात फडात जायची, ती मोळ्या गाडीत चढवूनच परतायची. मी घड्याळाकडे पाहिलं. घंटाही वेळेवर होईना.

दोष सिनेमाचा नव्हता. अत्र्यांनी त्यांचं काम चोख केलं. माझं कामही मी त्यांच्याच गळ्यात घातलं. सिनेमा पोरांना रडवतो. त्या रडण्याचं पुढं काय करायचं, ते मास्तरानंच पाहायचं असतं.

2014 साली 'फँड्री' आला, तेव्हा एक सहकारी म्हणाले, "दाखवून टाकू." या 'टाकू'चीच मला धास्ती! नागराज मंजुळ्यांच्या या चित्रपटात जब्याच्या घरचे डुकरं धरतात आणि त्याच्याच वर्गातली पोरं हसत बघतात. शेवटी जब्याचा दगड थेट प्रेक्षकांच्या अंगावर येतो. शेवट जबरदस्तच! पण आपल्या वर्गातही एखादा जब्या बसलेला असतो. सिनेमा चालू असताना चाळीस माना त्याच्याकडे वळल्या, तर तो दगड हसणाऱ्यांना लागायचा सोडून त्यालाच लागतो. म्हणून 'फँड्री' दाखवावा, जरूर दाखवावा. पण आधी 'हसतं कोण आणि का?' हा तास घ्यावा. आणि प्रश्न हसणाऱ्यांना विचारावेत, जब्याला उभं करू नये.

हल्ली मी सिनेमा आधी घरी एकटा बघतो. रडायचं ते तिथंच उरकतो. वर्गात दहा मिनिटांचा तुकडा लावतो, थांबवतो आणि विचारतो, यात कोण दिसलं नाही? मग साने गुरुजींच्या पुस्तकातलं तेच प्रकरण वाचायचं आणि पडद्यावर येताना काय गळलं, ते पोरांनी शोधायचं. उरलेली पंचवीस मिनिटं अपुरी पडतात. कंटाळा करायला सवडच मिळत नाही.

'माझ्या आईचा दिवस' हा निबंधही घालतो. तो मला सुचेपर्यंत कारखान्याचा पट्टा पडला होता. कोप्या उठल्या, गाड्या गावाकडे निघून गेल्या. त्या पोराचं उत्तर अजून माझ्याकडे बाकी आहे.