आधी कौशल्य की आधी नोकरी? फॉस्टर यांचा १९६५ चा निबंध वाचताना

माझ्या संशोधन प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'कौशल्याअभावी तरुण बेरोजगार राहतात, म्हणून व्यवसाय प्रशिक्षण वाढवायला हवं.' मार्गदर्शक बाईंनी समासात एकच शब्द लिहिला, 'कशावरून?', आणि फिलिप फॉस्टर यांचा 'द व्होकेशनल स्कूल फॅलसी इन डेव्हलपमेंट प्लॅनिंग' हा निबंध वाचायला सांगितला. बेरोजगारी, आयटीआय, कौशल्य विकास यांपैकी कशावरही काम करणार असाल, तर हा निबंध तुम्हालाही भेटणारच. म्हणून त्यात पटतं काय आणि खटकतं काय, ते लिहितेय.

आधी संदर्भ. घाना नुकताच स्वतंत्र झाला होता आणि शिकलेली मुलं बेकार दिसत होती. थॉमस बॅलॉग यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांचा सल्ला होता की शाळा पुस्तकी आहेत, त्या शेती आणि तंत्रशिक्षणाकडे वळवा. फॉस्टर म्हणतात, हे तर एकोणिसाव्या शतकापासून करून झालंय! कारागिरी शिकलेली मुलंसुद्धा कारकुनीकडेच गेली, कारण पगार आणि स्थैर्य तिथे होतं. म्हणजे ज्याला आपण 'पुस्तकी' म्हणतो, तेच शिक्षण त्या मुलांसाठी खरं व्यावसायिक शिक्षण होतं. मुलांच्या आकांक्षा अभ्यासक्रम ठरवत नाही, बाहेरच्या नोकऱ्या ठरवतात.

या मांडणीचं बळ असं की ती विद्यार्थ्याला मूर्ख समजत नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्या. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उच्च माध्यमिकच्या १० टक्के विद्यार्थ्यांना १९९० पर्यंत आणि २५ टक्क्यांना १९९५ पर्यंत व्यावसायिक शाखेत आणायचं लक्ष्य होतं. ते गाठलं गेलं नाही. यावर 'पालकांची मानसिकता' हे ठरलेलं उत्तर मिळतं. फॉस्टर वाचल्यावर प्रश्न वेगळा पडतो: त्या शाखेतून बाहेर पडल्यावर पुढचं दार कुठे उघडत होतं?

आता खटकणाऱ्या गोष्टी.

पहिली, फॉस्टर यांचा विद्यार्थी पगार बघून निवड करतो. भारतात हातकामाचा इतिहास जातीचा इतिहास आहे. १९५३ मध्ये मद्रास प्रांतात राजाजींनी अशी योजना आणली की मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसावं आणि उरलेल्या वेळात घरचा व्यवसाय शिकावा. ही जातीचा धंदा पुढे चालवायची सोय आहे, असा प्रखर विरोध झाला आणि १९५४ मध्ये ती मागे घेतली गेली. तो विरोध निव्वळ पगाराच्या हिशेबाने समजत नाही. कोणाच्या मुलाला 'कौशल्य' आणि कोणाच्या मुलाला 'पदवी', हा प्रश्न घानावरच्या निबंधाच्या चौकटीत मावत नाही.

दुसरी तक्रार खरं तर निबंधापेक्षा त्याच्या वाचकांबद्दल आहे. पुष्कळ जण फक्त शीर्षक उद्धृत करतात. फॉस्टर प्रशिक्षणाच्या विरोधात नाहीत. औपचारिक शाळेबाहेर, प्रत्यक्ष कामाच्या जवळ, मागणी बघून दिलेलं प्रशिक्षण त्यांना मान्य आहे. जर्मनीच्या दुहेरी पद्धतीत हेच दिसतं: उमेदवार कंपनीशी करार करतो, भत्ता घेतो आणि जोडीला व्यवसाय शाळेत जातो. तिथे कामाची जागा आधी, वर्ग नंतर.

तिसरी गोष्ट पुराव्याची. 'प्रशिक्षण घेतलेल्या इतक्यांना नोकरी लागली' हा आकडा परिणाम सांगत नाही, कारण त्यातल्या कित्येकांना ती तशीही लागली असती. फॉस्टर यांच्या काळी ही तुलना नीट करायची साधनं फारशी नव्हती, आज आहेत. डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये विकसनशील देशांतल्या अशा प्रयोगांचा आढावा घेतला. प्रशिक्षण देऊ केलेल्या दर १०० जणांमागे जेमतेम दोन-तीन जास्तीच्या जणांना काम मिळतं, असं त्यातून दिसतं. फ्रान्समध्ये ब्रुनो क्रेपाँ आणि सहकाऱ्यांनी (२०१३) नोकरी शोधायला मदत देणारी योजना तपासली. ती प्रशिक्षणाची योजना नव्हती, पण धडा आपल्या कामाचा आहे: मदत मिळालेल्यांचा फायदा काही अंशी मदत न मिळालेल्यांच्या जागा जाऊन झाला होता. जागा तेवढ्याच असतील, तर रांग लांबत नाही की आखूड होत नाही, फक्त रांगेतला क्रम बदलतो.

म्हणून प्रस्ताव लिहिताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. प्रशिक्षण नसतं तर काय झालं असतं? ज्याला नोकरी लागली, त्याने ती कोणाच्या ऐवजी मिळवली? आणि त्या कामाची मागणी त्या तालुक्यात आहे का?

हे सगळं फक्त पद्धतीचं खुसपट नाही. 'कौशल्य नाही' असं आपण पुराव्याशिवाय लिहितो, तेव्हा नोकऱ्या नसल्याचा दोष गुपचूप त्या बेकार मुलाच्या माथी मारतो. माझं वाक्य आता असं आहे: 'कोणत्या परिस्थितीत प्रशिक्षणामुळे नवं काम मिळतं आणि कोणत्या परिस्थितीत फक्त नवं प्रमाणपत्र?' यावर बाईंनी अजून काही लिहिलेलं नाही. मी ती चांगली खूण समजतेय.