जीपवरचा अँटेना : लेखांतून निसटलेली बैठक

किल्लारी (३० सप्टेंबर १९९३) आणि भूज (२६ जानेवारी २००१) या दोन्ही भूकंपांनंतर हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, संदेशवहनाला मोठी मदत केली. त्यामुळे विद्यार्थ्यांसाठीच्या लेखांत हॅम रेडिओची ओळख बहुधा आपत्तीच्या गोष्टीने होते. गोष्ट खरी आहे. पण 'जीपवर अँटेना बसवला आणि संपर्क सुरू झाला' एवढ्या एका वाक्यात काम उरकले जाते आणि वर्गात शिकवण्याजोगे विज्ञान नेमके तिथेच गळते.

मुंबईच्या उपनगरांचेच उदाहरण घेऊ. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की संदेश क्षीण होतो. असा अडथळा असेल तिथे गाडी उंच, मोकळ्या जागी न्यावी लागते. वाट कच्ची असेल तर हादरे आणि झाडांच्या फांद्या आल्याच.

या लहरींची लांबी सुमारे २ मीटर. तिच्या पावपट, म्हणजे सुमारे ५० सेंटिमीटर उंचीची काठी पुरते. सर्वांत सोपा उपाय म्हणून चुंबकाची बैठक सुचवली जाते. शहरातल्या रस्त्यावर ती ठीक आहे. पण बैठकीची त्रिज्या ५ सेंटिमीटर धरली आणि फांदीने काठीच्या टोकाला १ किलो वजनाएवढा जोर लावला, तर उलटू नये म्हणून चुंबकाला १० किलो वजनाएवढी पकड लागते. हा तरफेचाच नियम आहे. शिवाय अनेक जीपगाड्यांना वर कॅनव्हासचा हुड असतो. तिथे चुंबक चिकटणार कशाला?

यापेक्षा मोठी त्रुटी दुसरीच आहे. गाडीचा पत्रा हा या अँटेनाचा दुसरा अर्धा भाग असतो. नट-बोल्टने बैठक घट्ट आवळली, पण खाली रंग किंवा गंज राहिला, तर काठी हलणार नाही आणि अँटेना नीट चालणारही नाही. म्हणून बोल्टखालचा रंग खरवडायचा, स्प्रिंग वायसर घालायचा आणि मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेपासून सांधा ग्रीसने झाकायचा. बंपरवर बैठक मजबूत बसते, पण अँटेना खाली जातो आणि गाडीचे धूड एका बाजूला आडवे येते. कॅनव्हासच्या जीपला बॉनेटची मागची कड त्याहून बरी. 'मजबूत' म्हणजे 'ताठ' असेही नव्हे. बूड पक्के हवे, काठी मात्र फांदीपुढे वाकून परत सरळ होणारी हवी.

प्रक्षेपणाला परवाना लागतो, पुढच्या प्रयोगाला लागत नाही. जुन्या लाउडस्पीकरचा चुंबक पत्र्याच्या डब्यावर ठेवा आणि त्याला फूटपट्टी उभी बांधा. ताणकाट्याने ती आधी टोकाशी, मग मध्यावर आडवी ओढा. दुसऱ्या वेळी सुमारे दुप्पट जोर लागेल. आता चुंबकाखाली कागदाचे दोन-तीन थर घाला. पकड किती घटली ते मुलांनाच मोजू द्या. हॅम रेडिओवरच्या पुढच्या लेखात जीपच्या छायाचित्राशेजारी अशा मोजमापांचे कोष्टक असावे.