बेथलेहेमच्या नाक्यावरची साक्ष

नाताळ जवळ आला की आपल्या नियतकालिकांतून पवित्र भूमीच्या यात्रावर्णनांना बहर येतो. ही वर्णने भाविकतेने लिहिलेली असतात व तितक्याच भाविकतेने वाचली जातात. मात्र जेरुसलेमहून बेथलेहेमला पोहोचणे हे त्यांत बहुधा एका वाक्यात उरकलेले असते. अंतर दहा किलोमीटरही नाही, तेव्हा त्यात नवल नाही. परंतु या वाटेवर, राहेलच्या कबरीजवळ, काँक्रीटच्या उंच भिंतीत एक लष्करी नाका आहे. 'चेकपॉईंट 300' या नावाने तो ओळखला जातो. यात्रेकरूंची बस वाहनांच्या वाटेने जाते. एखादा सैनिक आत डोकावतो, पुष्कळदा तेवढेही होत नाही. भिंतीच्या कडेने पायी जाणाऱ्यांची वाट निराळी आहे. प्रस्तुत लेखकाने अशा एका यात्रावर्णनाचे परीक्षण पूर्वी लिहिले होते. त्यात शैलीविषयी, संदर्भांच्या अचूकतेविषयी बरेच काही होते. त्या पायवाटेविषयी एक अक्षर नव्हते.

येथे ज्या लेखनाचा विचार करावयाचा आहे, ते त्या पायवाटेवरचे आहे. 2001 च्या प्रारंभी, दुसऱ्या इंतिफादाच्या धामधुमीत, काही इस्रायली स्त्रियांनी 'मखसोम वॉच' ही संघटना स्थापन केली. मखसोम म्हणजे हिब्रू भाषेत अडथळा, नाका. रॉनी येगर, आदी कुंट्समन आणि येहुदित केशेत या तिच्या संस्थापक. या संघटनेच्या स्त्रिया पाळी लावून नाक्यावर उभ्या राहतात, पाहतात आणि घरी येऊन जे पाहिले ते लिहून काढतात. पुढे 2002 साली जेरुसलेमच्या ख्रिस्ती धर्मप्रमुखांच्या विनंतीवरून जागतिक चर्च परिषदेने परदेशी स्वयंसेवकांना सुमारे तीन-तीन महिने तेथे पाठविण्याचा उपक्रम हाती घेतला. आपली कॅथॉलिक ख्रिस्तसभा त्या परिषदेची सदस्य नाही. तथापि त्या काळचे जेरुसलेमचे लॅटिन पॅट्रिआर्क मिशेल सब्बाह हे स्वतः नाझरेथचे, त्या पदावर आलेले पहिले पॅलेस्टिनी. त्यांच्या धर्मप्रांतातील लोकांना याच नाक्यांतून जावे लागे, हे आपण विसरू नये. बेथलेहेमच्या ख्रिस्ती कुटुंबालाही पुनरुत्थानाच्या सणाला जेरुसलेमला जावयाचे तर लष्कराचा परवाना लागतो.

या स्त्री-पुरुषांनी लिहिलेल्या नोंदी साहित्य म्हणून वाचता येतील काय? प्रथमदर्शनी उत्तर नकारार्थीच येईल. पहाटेची वेळ, उघडलेल्या खिडक्यांची संख्या, अर्ध्या तासात पलीकडे गेलेल्या माणसांची मोजदाद, परत पाठविलेल्यांची कारणे असा त्यांचा साचा असतो. रोज तेच. परंतु सलग वाचत गेल्यास या एकसुरीपणातच त्यांचे बळ आहे असे ध्यानात येते. रांग ही गोष्टच मुळी एकसुरी असते. सात वाजता कामावर हजर होण्यासाठी तीन वाजता घर सोडणारा गवंडी, हातातील भाकरीची पिशवी, फिरत्या लोखंडी फाटकात अडकलेला म्हातारा, धातुशोधक चौकटीपाशी पट्टा काढून उभी असलेली माणसे हे सारे लेखिका उपमा न वापरता सांगते, तेव्हा वाचकाचे पाय दुखू लागतात. जेथे ती आपल्या अश्रूंविषयी लिहू लागते, तेथे मात्र लेखन ढासळते. रांगेतला माणूस मागे सरतो आणि त्याच्याकडे पाहणारीचे अंतःकरण पुढे येते. पुण्य करणाऱ्याने पुण्य करतानाचा स्वतःचा चेहरा न्याहाळावा, तसा हा दोष आहे, आणि परदेशी स्वयंसेवकांच्या पत्रांत तो अधिक आढळतो.

एका शब्दापाशी मात्र थांबावयास हवे. मोठ्या नाक्यांवर स्त्रिया, वृद्ध व रुग्ण यांच्यासाठी एक वेगळे फाटक असते. त्याला अधिकृत नावच 'मानवतेचे फाटक' असे आहे. ते बहुधा बंद असते. स्वयंसेविका लष्कराच्या कचेरीला दूरध्वनी करते, पुन्हा करते. कधी ते उघडते, कधी रांग ओसरल्यावर उघडते. एका फाटकाला मानवतेचे नाव दिले की शेजारच्या फाटकांचे नाव काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. चांगल्या नोंदींत हा शब्द टीकेविना, नुसता येतो, आणि म्हणूनच बोचतो.

योआव शामीर या इस्रायली दिग्दर्शकाच्या 'चेकपॉईंट' (2003) या अनुबोधपटाने हाच संयम पाळला. त्यात निवेदन नाही. नाके, सैनिक, माणसे, पाऊस, एवढेच. सैनिकही तेथे राक्षस नाहीत. कंटाळलेली, थंडीने गारठलेली, हाती अफाट सत्ता आलेली विशी-बाविशीची पोरे आहेत. याउलट फराह नाबुलसी यांचा 'द प्रेझेंट' (2020) हा लघुपट कथा सांगतो. युसुफ नावाचा पिता लहानग्या मुलीला घेऊन बायकोसाठी नवा फ्रीज आणावयास निघतो. जाताना नाक्यावर मुलीच्या देखत त्याला जाळीत ताटकळावे लागते. येताना फ्रीज पायवाटेच्या फाटकातून मावत नाही आणि शेजारचा मोकळा रस्ता सैनिक देत नाही. या चित्रपटाला 2021 साली बाफ्टा पुरस्कार मिळाला आणि ऑस्करचे नामांकनही. सालेह बाक्री यांचा अभिनय उत्तमच आहे. तरीही शेवट मला थोडा जुळवून आणल्यासारखा वाटला. नोंदींत असा शेवट कधी येत नाही. तेथे उद्या पहाटे पुन्हा तीच रांग असते.

इस्रायलची बाजू टाळून चालणार नाही. दुसऱ्या इंतिफादात आत्मघातकी स्फोटांत शेकडो नागरिक बळी पडले. भिंत व नाके यांचे समर्थन त्याच आधारावर केले जाते. मखसोम वॉचच्या स्त्रिया त्याच शहरांत राहतात, त्याच बसगाड्यांनी प्रवास करतात. शत्रूच्या बाजूने बोलणाऱ्या म्हणून त्यांना स्वकीयांच्या शिव्या खाव्या लागल्या आहेत. पण त्यांचा खरा वाद आपापसांत आहे. आपण उभ्या राहिल्याने नाका थोडा सौम्य झाला, तर आपण नाक्याला विरोध केला की त्याला सुसह्य करून टिकविले? केशेत यांनी आपल्या 'चेकपॉईंट वॉच' (2006) या पुस्तकात ही टोचणी लपविलेली नाही, आणि माझ्या मते पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

या लेखनप्रकाराची खरी मर्यादा त्याहून खोल आहे. पाहणारीला रांग दिसते. ज्याला परवानाच मिळाला नाही, तो माणूस रांगेत नसतो. 2019 साली कलंदियाच्या नाक्यावर स्वयंचलित फाटके आली, गर्दी भराभर पुढे सरकू लागली, आणि घड्याळावर विसंबलेल्या नोंदींना सांगावयास फारसे उरले नाही. ऑक्टोबर 2023 नंतर बहुतेक मजुरांचे परवानेच थांबविण्यात आले. तेव्हा रिकाम्या वाटेविषयी काय लिहावे? काही स्त्रियांनी याचे उत्तर फार पूर्वीच शोधले होते. त्या लष्करी न्यायालयांत जाऊन बसू लागल्या, बंदी घातलेल्या मजुरांचे अर्ज लिहून देऊ लागल्या.

हे सारे बीडमध्ये बसून वाचताना परके वाटत नाही. 1948 पर्यंत आपला जिल्हा निजामी राज्यात होता. नगरच्या सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते, अलीकडे हाली शिक्का आणि पलीकडे इंग्रजी रुपया. रझाकारांच्या काळात जीव मुठीत धरून ही सरहद्द ओलांडणारे पुष्कळ होते. त्यांच्या आठवणी आपल्याकडे लिहिल्या गेल्या आहेत. सप्टेंबर 1948 मधील पोलीस कारवाईनंतर मात्र सूडाची पाळी मुसलमान वस्त्यांवर आली. ती हकीकत पाहण्यासाठी भारत सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे त्या वर्षाअखेर संस्थानच्या 16 पैकी 9 जिल्ह्यांत हिंडले. रझाकारांच्या अत्याचारांचीही त्यांनी नोंद केली, मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही केली. मृतांचा त्यांचा अंदाज 27 ते 40 हजारांचा होता. औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत मिळून निदान 5 हजार. लेखन म्हणून हा अहवाल कोरडा आहे, बहुतांशी आकड्यांतून बोलतो. पण त्याचे दुर्दैव कोरडेपणाचे नव्हे. सरकारने तो प्रसिद्धच केला नाही. कित्येक दशके तो दप्तरात पडून राहिला. पाहणारे गेले, त्यांनी मोजले, लिहिले, आणि ज्या जिल्ह्याविषयी लिहिले तेथील दोन पिढ्यांना त्याचा पत्ता नव्हता. नाक्यावरच्या स्त्रिया आपली नोंद लगोलग जगापुढे मांडतात. त्यांना वाचक मिळतो, मग तो थकतो. आपल्याकडे थकावयास वाचकच नव्हता.

25 मे 2014 रोजी पोप फ्रान्सिस बेथलेहेममध्ये वाटेत अचानक गाडीतून उतरले आणि भिंतीला हात टेकवून काही क्षण मूक उभे राहिले. ते छायाचित्र आपल्या कित्येक घरांत पाहिले गेले असेल. त्यानंतरच्या यात्रावर्णनांतही बस तशीच सुरळीत पुढे जाते. माझे ते जुने परीक्षण आज पुन्हा लिहावयाचे झाले, तर लेखकाला पहिला प्रश्न हाच विचारीन की नाक्यावर बस किती वेळ थांबली होती, आणि खिडकीतून कोणत्या बाजूला काय दिसत होते.