ठिणगीची पारख

चटणी वाटताना मिक्सरच्या मोटारीत, कार्बन ब्रश फिरत्या तांब्याला घासतो तिथे, बारीक निळसर ठिणग्या उडत असतात. आणि त्याच घरात, उंदराने कुरतडलेल्या वायरीत किंवा सैल पडलेल्या स्क्रूखाली उडते तीही ठिणगीच. पहिली निरुपद्रवी, दुसरी घर पेटवणारी. या दोघींतला भेद जाणणारा आर्क फॉल्ट ब्रेकर आपण जरा निरखून पाहू.

घरातल्या नेहमीच्या ब्रेकरांपैकी एमसीबी प्रवाहाचा अतिरेक पाहतो, आरसीसीबी जमिनीत होणारी गळती पाहतो. घरगुती वापरात या गळतीची मर्यादा बहुधा ३० मिलीअँपिअरची. सैल जोडातली ठिणगी मात्र हीटरच्या वाट्याच्याच प्रवाहावर जगते. ना अतिरेक, ना गळती, आणि हजारो अंशांच्या दाहाने वायरीच्या आवरणाचा कोळसा करीत राहते.

आता तिची लकब पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्याला स्पर्श करतो. त्या प्रत्येक स्पर्शाशी ठिणगी विझते, व्होल्टेज चढताच पुन्हा पेटते, आणि प्रवाहाच्या डौलदार लाटेला शून्यापाशी एक सपाट खांदा फुटतो, सोबत उच्च वारंवारतेची खरखर उमटते. ब्रेकरमधली चिप या खुणा एकत्र तोलते आणि मिक्सरला अभय देते. दत्तजयंतीला तापीकाठच्या यात्रेत घोडा पारखणाऱ्या सारंगखेडेकरांना यातली गोडी सांगायला नको. रंगावर न भाळता चाल पाहणारी नजर ती हीच.

खरेदीतही हीच नजर हवी. अमेरिकेतल्या नातलगाने १२० व्होल्टचा ब्रेकर पाठवला, तरी तो इथे कामाचा नाही. २३० व्होल्टचा, २०१३च्या आयईसी ६२६०६ या मानकाचा, आणि वायरीच्या जाडीला साजेशा अँपिअरचा घ्यावा. तो बसवणे परवानाधारक वायरमनचे काम: मेन बंद करून टेस्टरने खात्री करायची, फेजबरोबर त्याच सर्किटचा न्यूट्रलही ब्रेकरमधून न्यायचा, तो दुसऱ्या सर्किटला उसना द्यायचा नाही, स्क्रू घट्ट आवळायचे, आणि शेवटी वीज सुरू करून टेस्टचे बटण दाबून पाहायचे.

पुढे कधी हा ब्रेकर पडलाच, तर दांडी लगेच वर करण्याची घाई आपण करू नये. भिंतीआडचे, डोळ्यांना कधीच न दिसणारे वैगुण्य त्याने हेरलेले असू शकते. तो जोड शोधून नीट करून घेणे, हीच या सूक्ष्म पारखीला रसिकाने द्यायची दाद.