अहवालातली तारीख कोणत्या देशाची?

०५/०४/२०२४ ही तारीख कोणती, असे वर्गात विचारले तर मुले एका सुरात ‘५ एप्रिल’ म्हणतील. अमेरिकेतल्या शाळेत हाच प्रश्न विचारला तर ‘४ मे’ असे उत्तर येईल. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण प्रश्नच अपुरा आहे. पट्टीची लांबी ‘५’ आहे असे लिहून सेंटिमीटर की इंच हे न सांगणाऱ्या विद्यार्थ्याला आपण गुण देत नाही. एककाशिवाय मापन नाही, ही शिस्त आपण प्राथमिक शाळेपासून लावतो. व्यापारी अहवाल तयार करणाऱ्या संगणकीय आज्ञावल्या मात्र ही शिस्त अजून पुरती शिकलेल्या नाहीत. या लेखात आम्ही त्यांची तपासणी करणार आहोत. शिक्षकांना हा विषय दूरचा वाटू नये. शाळेतील हजेरी, निकाल आणि जन्मतारखा आता याच प्रकारच्या तक्त्यांतून फिरतात.

एक्सेल, पॉवर बीआय, टॅब्लो, सॅप ही यातली परिचित नावे. हजारो नोंदी आत घ्यायच्या, त्यांच्या बेरजा करायच्या आणि तक्ता किंवा आलेख पडद्यावर मांडायचा, हे त्यांचे काम. या सर्वांमध्ये किंवा त्या ज्या संगणकावर चालतात त्यात ‘भाषा आणि प्रदेश’ अशी एक निवड असते. तारखेत दिवस आधी की महिना, दशांशासाठी टिंब की स्वल्पविराम, मोठ्या संख्येत स्वल्पविराम कोठे, अंक कोणत्या लिपीत, नावांचा क्रम कसा, हे सारे त्या निवडीवर ठरते. बहुतेक जण तिच्याकडे खोलीच्या रंगासारखे पाहतात: दिसायला वेगळे, आतला हिशेब तोच. आमचे म्हणणे असे, की हा समज चुकीचा आहे. ही निवड मापनाचाच भाग आहे.

नवी मुंबईत हा प्रश्न रोजचा आहे. वाशीला कृषी उत्पन्न बाजार समितीच्या घाऊक बाजारपेठा आहेत. न्हावा शेवा येथे १९८९ साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर आहे. ऐरोली, महापे, घणसोली, बेलापूर या पट्ट्यात माहिती-तंत्रज्ञानाच्या कार्यालयांची दाटी आहे. वाशीचा व्यापारी लाख-कोटीत बोलतो, तारखेत दिवस आधी लिहितो आणि त्याचे हिशेबी वर्ष एप्रिलला सुरू होते. ऐरोलीतल्या कार्यालयात अमेरिकन ग्राहकाचे काम चालत असेल, तर तिथला संगणक महिना आधी लिहितो आणि मिलियनमध्ये मोजतो. ग्राहक जर्मन असेल तर दशांशाच्या जागी स्वल्पविराम येतो आणि हजाराच्या जागी टिंब. तेव्हा १.२३४ म्हणजे सव्वा एकच्या आसपासची संख्या की एक हजार दोनशे चौतीस, हे वाचणाऱ्याच्या देशावर ठरते. ही सगळी माणसे ट्रान्स-हार्बर लोकलच्या एकाच मार्गावर कामाला जातात आणि त्यांच्या फायली एकमेकांकडे जातात.

आता एक साधा प्रयोग पाहा. आम्ही १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या हिशेबी वर्षातल्या ३६५ तारखा, दिवस आधी या आपल्या पद्धतीने, एका साध्या मजकूर-फायलीत लिहिल्या आणि अमेरिकन मांडणी निवडलेल्या संगणकावर ती फाईल एक्सेलमध्ये उघडली. महिन्याची १३ तारीख आली की संगणक अडतो, कारण तेरावा महिना नसतो. अशा २२१ नोंदी त्याने तारीख न मानता अक्षरे म्हणून ठेवल्या. उरलेल्या १४४ नोंदी, म्हणजे प्रत्येक महिन्याच्या १ ते १२ तारखा, त्याने मुकाट्याने स्वीकारल्या. त्यांतल्या १२ बरोबर आल्या, कारण ४ एप्रिल किंवा ५ मे यांत दिवस आणि महिना एकच आहेत. बाकी १३२ तारखा चुकीच्या झाल्या, आणि पडद्यावर त्याची सूचना काही नाही.

गोष्ट इथेच थांबत नाही. १ एप्रिल २०२४ ची नोंद ४ जानेवारी २०२४ झाली, म्हणजे आधीच्या हिशेबी वर्षात गेली. ४ जानेवारी २०२५ ची नोंद १ एप्रिल २०२५ झाली, म्हणजे पुढच्या वर्षात गेली. मोजून पाहिले तर अशा २७ नोंदी मागच्या वर्षात आणि २७ पुढच्या वर्षात पडतात. सगळ्या नोंदी जागेवर असतात, त्यामुळे रकमांची एकूण बेरीज जुळते. महिन्यांचे आणि वर्षांचे हिशेब मात्र खोटे ठरतात. एकूण बेरीज जुळली म्हणून निश्चिंत होणाऱ्या हिशेबनीसाला ही चूक सापडणार नाही.

या चुकीत आज्ञावलीचा दोष नेमका कोणता? तिला मराठी किंवा भारतीय पद्धत येत नाही, असे नाही. विंडोजमध्ये २००० सालच्या आवृत्तीपासून मराठीची निवड आहे. दोष असा, की आज्ञावली अंदाज करते आणि अंदाज केल्याचे सांगत नाही. एका रकान्यात १४४ नोंदी तारखा ठरतात आणि २२१ ठरत नाहीत, हे दिसत असताना ‘तुमचा दिवस आधी आहे का?’ एवढा एक प्रश्न विचारणे कठीण नव्हते.

वैज्ञानिकांनाही या सवयीचा फटका बसला आहे. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे ‘मार्च-१’, ‘सेप्ट-२’ अशा धर्तीची होती. एक्सेल त्यांना १ मार्च, २ सप्टेंबर समजून तारखा करून टाकत असे. २००४ साली हा दोष शोधनिबंधातून मांडला गेला. २०१६ साली मेलबर्नच्या संशोधकांना असे आढळले, की ज्या निबंधांना एक्सेलमधल्या जनुकयाद्या जोडल्या होत्या, त्यांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत ही चूक शिरली होती. शेवटी २०२० साली जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावे बदलली. हे रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली २०२३ साली. जगभरच्या जीवशास्त्रज्ञांना एकोणीस वर्षे थांबावे लागले, तर वाशीच्या गाळ्यातल्या हिशेबनीसाची तक्रार किती लवकर ऐकली जाईल?

दुसरा मुद्दा संख्येतल्या स्वल्पविरामांचा. आपण १२,३४,५६७ असे लिहितो. पाश्चात्य पद्धतीत हीच संख्या १,२३४,५६७ अशी दिसते. हा केवळ सवयीचा फरक नाही. मराठीत हजारानंतर नवे नाव दोन स्थानांनी येते: हजार, लाख, कोटी. इंग्रजीत ते तीन स्थानांनी येते. स्वल्पविराम म्हणजे मोठ्याने वाचताना नाव बदलण्याची जागा. तो दुसरीकडे पडला की वाचणारा एकं, दहं, शतं करत पुन्हा मागून मोजू लागतो. सॅपमध्ये वापरकर्त्याला दशांश लिहिण्याच्या तीन पद्धतींतून एक निवडायची सोय बराच काळ आहे. तिन्ही पद्धतींत अंकांचे गट तीन-तीनचेच. पॉवर बीआयच्या आलेखांत मोठ्या संख्या आखूड करण्यासाठी हजार, मिलियन, बिलियन अशी मापे तयार असतात. लाख-कोटी हवे असतील तर वापरकर्त्याने स्वतः खटपट करायची.

ती खटपट कशी असते ते पाहण्यासारखे आहे. एक्सेलमध्ये कार्यालयाकार्यालयांतून एक तोडगा हातोहात फिरतो. संख्या एक कोटी किंवा अधिक असेल तर अशी मांड, एक लाख किंवा अधिक असेल तर तशी मांड, बाकी नेहमीप्रमाणे, असा तो आहे. पण एक्सेल एका मांडणीत दोनच अटी लावू देते. ऋण संख्या तर कोटी-लाखापेक्षा लहानच; ती ‘बाकी’मध्ये पडते. म्हणून बारा लाखांचा नफा १२,३४,५६७ असा दिसतो आणि तेवढाच तोटा −१,२३४,५६७ असा. नफा देशी आणि तोटा विलायती! यापेक्षा संगणकाचीच प्रादेशिक मांडणी भारतीय ठेवली तर दोन्ही संख्या नीट दिसतात. मात्र ती मांडणी फायलीबरोबर जात नाही. दुसऱ्याच्या संगणकावर पुन्हा त्याची पद्धत लागू होते.

तिसरा मुद्दा खुद्द मराठीचा. भाषांच्या मांडणीविषयी युनिकोड संस्थेचा जो माहितीकोश पुष्कळ आज्ञावल्या वापरतात, त्यात मराठीसाठी अंक देवनागरी धरले आहेत. हिंदीसाठी आंतरराष्ट्रीय अंक. देवनागरी अंक हे मराठीला साजेसेच आहे. पण ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही संगणकभाषा पाहा. तिला मराठीत संख्या मांडायला सांगितली तर ती १,२३,४५६ असे सुरेख लिहून देते. तिलाच ‘१२३’ ही देवनागरी अक्षरे संख्या म्हणून वाचायला दिली तर ‘ही संख्या नव्हे’ असे उत्तर येते. म्हणजे लिहिता येते, वाचता येत नाही. कोणत्याही शिक्षकाला हे विचित्र वाटेल. पायथन या दुसऱ्या संगणकभाषेत मात्र ‘१२३’ ची संख्या सरळ होते, म्हणजे अडचण लिपीची नाही.

नावांच्या क्रमाचेही तसेच. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो. युनिकोडने देवनागरीचा आराखडा १९८८ सालच्या ‘इस्की’ या भारतीय संकेतावरून घेतला. तो संकेत अनेक भारतीय लिप्यांना समाईक असल्यामुळे त्यात ‘ळ’ची जागा ‘ल’शेजारी होती. संकेतांक ही नुसती घराची पाटी आहे, वर्णक्रम नव्हे. पण आज्ञावली पाटी पाहून क्रम लावू लागली की काळे आधी येतात आणि काशीकर, कासार मागून. आपल्या क्रमाने काशीकर, कासार, काळे असे हवे.

याहून फसवा प्रकार अर्ध्या ‘र’चा आहे. ‘दोऱ्या’ या शब्दातला डोळ्याच्या पापणीसारखा ‘र’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: एकात ‘र’ला हलन्त देऊन एक न दिसणारे जोडचिन्ह घालतात, दुसऱ्यात ‘ऱ’ हे वेगळे अक्षर वापरतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाला ते दोन निराळे शब्द आहेत. दोन कारकुनांनी दोन प्रकारे टंकले तर मालाच्या अहवालात ‘दोऱ्या’च्या दोन ओळी येतात, प्रत्येकीत अर्धा माल. मग कार्यालय म्हणते, ‘मराठीत घोळ होतो, इंग्रजीच ठेवा.’ मराठी कोणी निवडत नाही म्हणून दोष दुरुस्त होत नाहीत, आणि दोष आहेत म्हणून मराठी कोणी निवडत नाही. हे चक्र वापरणाऱ्याने तोडावे, ही अपेक्षा आम्हांला अन्यायाची वाटते. ते काम करणाऱ्यांचे आहे.

न्यायाने हेही सांगायला हवे, की योग्य विचार या आज्ञावल्यांत नाहीच असे नाही. पॉवर बीआयमध्ये पडद्यावरची भाषा, नोंदसंग्रहाची भाषा आणि बाहेरून येणारी माहिती कोणत्या प्रदेशाची समजायची, हे तीन प्रश्न वेगळे ठेवले आहेत. ते तत्त्वतः अगदी बरोबर आहे: इंग्रजी पडदा, मराठी नावे आणि जर्मन फाईल हे तिन्ही एका टेबलावर असू शकते. एकेका रकान्याला ‘या प्रदेशाच्या पद्धतीने वाच’ असेही सांगता येते. आमची तक्रार एवढीच, की हे पर्याय मेनूच्या आतल्या पदरात आहेत, आणि कोणी काही सांगितले नाही तर आज्ञावली विचारण्याऐवजी धरून चालते. विचारणे ही मुख्य वाट हवी आणि धरून चालणे हा अपवाद.

तोपर्यंत काही पथ्ये आपल्या हातात आहेत. साठवताना तारीख २०२४-०४-०५ अशी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी. १९८८ साली प्रथम प्रसिद्ध झालेले आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण तेच सांगते. दाखवताना ती हवी तशी दाखवावी. रकान्याच्या डोक्यावर ‘रक्कम, लाख रुपये’ असे एकक लिहावे. एक्सेलमध्ये तारखा आपोआप उजवीकडे आणि अक्षरे डावीकडे सरकतात. एकाच रकान्यात दोन्ही दिसली तर काम थांबवून पाहावे.

हे शाळेत अधिकच महत्त्वाचे. एखाद्या मुलीची जन्मतारीख ५ एप्रिलची ४ मे झाली, तर ती चूक वर्गाच्या यादीतून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जाते आणि पुढे तिला पुष्कळ कार्यालयांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. संगणकातली यादी जनरल रजिस्टरशी ताडून पाहताना १ ते १२ तारखांचे जन्म आधी तपासावेत; धोका त्यांनाच आहे.

आणि वरच्या प्रयोगातले आकडे आमच्यावर विश्वासून घेऊ नयेत. १४४, १३२, १२ आणि दोन वेळा २७ हे आकडे सातवी-आठवीची मुले फळ्यावर बारा बाय बाराची चौकट आखून एका तासिकेत काढू शकतात. संगणकाची गरज नाही.