बेरोजगारीचा दर : व्याख्या, मापन आणि मर्यादा

प्रस्तावना

बेरोजगारीचा दर जाहीर झाला की तो शासनाच्या यशाचा किंवा अपयशाचा पुरावा म्हणून मांडला जातो. आकडा खरा की खोटा या वादात तो नेमके काय मोजतो, हा मूळ प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत लेखात राष्ट्रीय नमुना पाहणी आणि एप्रिल २०१७ पासून तिची जागा घेणारी नियतकालिक श्रमबल पाहणी यांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. ज्या समाजात गरिबाला बेकार राहणे परवडत नाही, तेथे केवळ बेरोजगारीच्या दरावरून श्रमिकांच्या स्थितीचा निर्णय करता येत नाही, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

एक वर्ष, तीन दर

नियोजन आयोगाने नेमलेल्या प्रा. एम. एल. दांतवाला समितीने १९७० मध्ये आपला अहवाल सादर केला. शेती, घरगुती व्यवसाय आणि हंगामी मजुरी यांचे प्राबल्य असलेल्या देशात बेरोजगारीचा एकच एक आकडा काढणे निरर्थक आहे, अशी समितीची भूमिका होती. त्यानुसार १९७२-७३ च्या २७ व्या फेरीपासून वेगवेगळ्या मोजपट्ट्या वापरात आल्या. ‘सामान्य स्थिती’ मागील ३६५ दिवसांचा विचार करते. ‘चालू साप्ताहिक स्थिती’ मागील सात दिवसांचा विचार करते आणि त्यांत एक तासभर जरी काम केले असेल तरी व्यक्तीला रोजगारप्राप्त मानते. ‘चालू दैनिक स्थिती’ मात्र आठवड्यातील प्रत्येक दिवसाचा, अर्ध्या दिवसापर्यंत, हिशेब ठेवते.

या भेदाचे महत्त्व २०११-१२ च्या ६८ व्या फेरीत स्पष्ट दिसते. त्या वर्षी देशातील बेरोजगारीचा दर सामान्य स्थितीनुसार (मुख्य व दुय्यम काम मिळून) २.२ टक्के, साप्ताहिक स्थितीनुसार ३.७ टक्के आणि दैनिक स्थितीनुसार ५.६ टक्के होता. यांपैकी एकही आकडा चुकीचा नाही. आठवड्यातून दोन दिवस खुरपणीला जाणारी आणि उरलेले पाच दिवस काम शोधणारी शेतमजूर स्त्री साप्ताहिक मोजणीत रोजगारप्राप्त ठरते, तर दैनिक मोजणीत तिचे पाच दिवस बेरोजगारीचे म्हणून नोंदले जातात. वर्षातून तीस दिवसांचे दुय्यम काम मिळाले, तरी सामान्य स्थितीच्या एकत्रित मोजणीत तिची गणना काम करणाऱ्यांत होते. अर्थात, खरी माहिती कोणत्याही एका दरात नसून तीन दरांमधील अंतरात आहे. श्रमबल पाहणीचे प्रमुख निर्देशक मात्र सामान्य आणि साप्ताहिक या दोनच स्थितींवर आधारलेले आहेत. अपुऱ्या कामाची सर्वाधिक जाणीव करून देणारी दैनिक स्थिती त्यामुळे सार्वजनिक चर्चेतून जवळजवळ बाहेर पडली आहे.

गणनेची सीमारेषा

बेरोजगारीचा दर एकूण लोकसंख्येवर काढला जात नाही. काम करणारे आणि कामाच्या शोधात असलेले किंवा कामास उपलब्ध असलेले मिळून जे श्रमबल होते, त्यातील बेरोजगारांचा तो हिस्सा असतो. नोकरी नाही म्हणून दुसऱ्या पदवीला प्रवेश घेणारा पदवीधर विद्यार्थी म्हणून नोंदला जातो व श्रमबलाबाहेर राहतो. त्याची अडचण महाविद्यालयाच्या वर्गात रोज दिसते, पण बेरोजगारीच्या दरात दिसत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत ही सीमारेषा अधिकच धूसर होते. कुटुंबाच्या दुग्धव्यवसायातील म्हशीचे चारापाणी करणारी स्त्री ‘विनावेतन मदतनीस’ म्हणून रोजगारप्राप्त ठरते. घरच्या चुलीसाठी सरपण गोळा करणारी स्त्री श्रमबलाबाहेर मानली जाते. दोघींच्याही हातात पैसा पडत नाही. दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारा मजूरही नोंदीत रोजगारप्राप्तच असतो. तो तेथे नाइलाजाने आला, हे त्या नोंदीतून कळत नाही.

घटत्या दराचा अन्वयार्थ

पंधरा वर्षे व त्यावरील वयोगटात सामान्य स्थितीनुसार बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ६.० टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ३.२ टक्क्यांवर आला. याच काळात स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग २३.३ टक्क्यांवरून ४१.७ टक्के झाला. या आकड्यांवरून रोजगाराची स्थिती सुधारली, असा निष्कर्ष सहज काढता येतो. तथापि, त्याच अहवालांतील रोजगाराची रचना वेगळे काही सांगते. काम करणाऱ्यांत स्वयंरोजगारितांचे प्रमाण ५२.२ वरून ५८.४ टक्के झाले, तर नियमित वेतनदारांचे २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर घसरले. स्वयंरोजगारातील ६.२ टक्केबिंदूंच्या वाढीपैकी ५.८ टक्केबिंदू केवळ विनावेतन मदतनिसांचे आहेत. त्यांचे प्रमाण १३.६ वरून १९.४ टक्के झाले. म्हणजे दर घटला त्या काळात मोबदल्याविना काम करणाऱ्यांचा वाटा वाढला. स्त्रियांच्या कामाची नोंद अधिक काटेकोर होऊ लागल्याचाही यात काही भाग असू शकतो. तसे असेल, तर ही वाढ नव्या रोजगाराची नसून जुन्या कष्टांच्या नव्या नोंदीची ठरते.

तुलनेतील आणखी एक धोका अलीकडे निर्माण झाला आहे. जानेवारी २०२५ पासून पाहणीची नमुनारचना बदलली व मासिक अंदाज प्रसिद्ध होऊ लागले. एप्रिल २०२५ चा पहिला मासिक दर ५.१ टक्के होता. तो २०२३-२४ च्या ३.२ टक्क्यांशेजारी ठेवल्यास बेरोजगारी एकाएकी वाढल्याचा भास होतो. वस्तुतः मासिक दर साप्ताहिक स्थितीचा आहे, आणि त्या मोजपट्टीने २०२३-२४ चा दर ४.९ टक्के होता. तोही जुन्या नमुनारचनेतून आलेला असल्याने काटेकोर तुलना तेथेही शक्य नाही.

समारोप

अधिकृत आकडेवारी टाकाऊ नाही. वरील प्रत्येक आक्षेपाचा पुरावा त्याच अहवालांतून मिळतो, हेच तिच्या मोलाचे प्रमाण होय. दोष आहे तो एका दशांश आकड्यावर समाधान मानण्याचा. दर कोणत्या स्थितीचा, कोणत्या वयोगटाचा आणि कोणत्या नमुनारचनेतून आलेला, हे सांगितल्याशिवाय तो उद्धृत करू नये. दराबरोबर कामाचे दिवस, कामाचा प्रकार व मोबदला यांचे कोष्टकही वाचले जावे. अर्थशास्त्राच्या वर्गात हे तीन दर एकत्र शिकवले गेले, तर दांतवाला समितीचा पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीचा इशारा निदान नव्या पिढीपर्यंत पोहोचेल. अन्यथा बेरोजगारी कमी झाल्याच्या समाधानात, राबूनही हाती काही न पडणारा माणूस हिशेबाबाहेरच राहील.